दप्तर कोणाच्या किल्लीने उघडते? मोडी, उर्दू आणि संगणकातली मराठी



आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. कार्यालयीन दस्तऐवजांची खुली मानके आणि मालकीची फाइल-स्वरूपे. असा विषय फलकावर लिहिला की माणसे म्हणतात, हे संगणकवाल्यांचे काम, आपला काय संबंध? पण धाराशिव जिल्ह्यात बसून या विषयाकडे पाहिले, तर संबंध चटकन लागतो. इथे जुना कागद वाचता येतो की नाही, यावर माणसांच्या जमिनी, दाखले आणि वारसाहक्क अवलंबून आहेत. म्हणून आम्ही सुरुवात संगणकापासून न करता दप्तरखान्यापासून करणार आहोत.

२०२३ सालचा सप्टेंबर महिना आठवा. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या ज्या कुटुंबांकडे निजामकालीन कुणबी नोंदी असतील, त्यांना दाखले देण्याची कार्यपद्धती ठरवण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मग आठही जिल्ह्यांत शोध सुरू झाला. महसुली नोंदी, जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची प्रवेश रजिस्टरे, सगळे बाहेर निघाले. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो, त्यात आम्ही आज शिरत नाही. आमचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. कागद सापडत होते, पण ते वाचणार कोण? काही मोडीत, काही उर्दूत, काही फारसीत. मग मोडी वाचणारे शोधावे लागले, उर्दू जाणणारे शोधावे लागले. ते मिळाले, आणि कागद बोलू लागले.

शंभर वर्षांपूर्वीचा कागद बोलला. आता स्वतःला विचारा, १९९८ साली तालुक्याच्या गावी संगणकावर टाइप केलेला मराठी ठराव आज त्या फाइलमधून वाचता येईल का? बऱ्याचदा उत्तर येते, नाही. असे का व्हावे, याचा आज शोध घेऊ.

एका जिल्ह्याची बदलती दप्तरे

आपला जिल्हा पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांकडे सोपवला, १८६० मध्ये परत मिळवला. त्या मधल्या काळात काही वर्षे मेडोज टेलर इथले डेप्युटी कमिशनर होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले, आणि निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावाला व जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले.

राज्य बदलले की दप्तराची भाषा बदलते. हैदराबादच्या दरबारात आधी फारसी होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांच्या व्यवहारात मोडी चाले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी सरकारी व्यवहारातून गेली आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, सर्वत्र आली. त्यात तारखा फसली सालातल्या. १३१० फसली म्हणजे इसवी १९००-०१. फसलीत ५९० मिळवायचे, की आपले साल येते. आणि जुन्या हिशेबांत रकमा अंकांत न लिहिता सियाक पद्धतीने लिहिलेल्या, म्हणजे अरबी संख्याशब्दांच्या आखूड केलेल्या खुणांनी. नवख्याला ती नुसती वेलबुट्टी वाटते.

आता बघा, आजच्या भाषेत बोलायचे तर ही सगळी 'स्वरूपे' आहेत. मोडी हे एक स्वरूप, सियाक हे दुसरे, फसली पंचांग हे तिसरे. प्रत्येकाला किल्ली लागते. पण त्या किल्लीचा मालक कोणी नव्हता. मोडी शिकायला कोणाची परवानगी लागत नव्हती, बाराखडी उघड होती. सियाकच्या खुणा कारकुनाकडून कारकुनाकडे जात. ज्या राज्याने ते कागद लिहवून घेतले ते राज्य गेले, तरी किल्ली समाजात उरली. आजही मोडीचे वर्ग चालतात, पंधरा-वीस दिवस चिकाटीने बसले तर माणूस अडखळत का होईना वाचू लागतो. मुक्त मानक म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. लिहिण्याचा नियम सर्वांसमोर मांडलेला असावा, तो वापरायला कोणाला पैसे द्यावे लागू नयेत, आणि एकट्या मालकाला तो मनाला येईल तसा फिरवता येऊ नये.

टाइपरायटर गेला, फाँट आला

मधल्या काळात मराठी टाइपरायटर आला. टाइपिंगच्या संस्था, सरकारी परीक्षा, कार्बन कागद, हे सगळे आपल्या पिढीने पाहिले. टाइपरायटर कोणत्याही कंपनीचा असो, कागदावर उमटे ती देवनागरीच. यंत्र मोडले तरी कागद वाचता येई.

संगणकावर मात्र एक नवीन गोष्ट घडली. कागदावर जे दिसते ते एक, आणि फाइलमध्ये जे साठवले जाते ते दुसरे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हा करार आधी ठरावा लागतो. भारतात असा करार खरे तर वेळेवर झाला होता. सरकारी 'इस्की' संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. पुण्याच्या सीडॅकचे 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवले की त्यावर भारतीय लिप्यांत काम करता येई.

मग घोडे कुठे अडले? विंडोज आली आणि छपाईचे काम संगणकावर गेले. त्या वेळच्या विंडोजला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नव्हती. क आणि ष यांचे क्ष कसे करायचे, वेलांटी कुठे ठेवायची, हे तिला माहीत नव्हते. पण कचेऱ्यांना आदेश आजच हवे होते, छापखान्यांना लग्नपत्रिका उद्याच द्यायच्या होत्या. तेव्हा कंपन्यांनी व्यवहारी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, मात्रा, रफार. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितोय, डोळ्यांना दिसे मराठी. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी अनेक पॅकेजे या पद्धतीने चालली. त्या काळात मराठी छपाई आणि मराठी कारभार यांनी उभा केला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण प्रत्येकाने तुकडे वेगवेगळ्या जागी बसवले. एकाचा क जिथे, तिथे दुसऱ्याचा ग. ज्या सीडॅकचे जिस्ट इस्कीवर चाले, तिच्या फाँटसाठीही वेगळी संकेतयोजना होती. काही पॅकेजांबरोबर तर संगणकाच्या मागे लावायचे 'लॉक' येई. ते नसेल तर पॅकेज चालत नसे. परिणाम काय? फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली आणि तिथे तो फाँट नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. त्या काळी एखाद्या मराठी वर्तमानपत्राचे संकेतस्थळ वाचायचे तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे, आठवत असेल.

मोडीशी तुलना करा. मोडी न येणाऱ्याला कागद वाचता येत नाही, पण मोडी येणारा कोणाचाही मोडी कागद वाचतो. इथे मात्र मराठी उत्तम येते, समोर मराठी फाइल आहे, आणि तरी वाचता येत नाही. आपलीच भाषा, आपलाच मजकूर, आणि किल्ली एका विकत घेतलेल्या पॅकेजात.

रफार कुठे गेला?

कोणी म्हणेल, मग रूपांतर करून घ्या, त्यात काय मोठेसे? रूपांतर होते, पण त्यात कष्ट आहेत, आणि ते नेमके कुठे आहेत हे समजून घ्या.

जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. 'कर्म' लिहिताना जुना फाँट क, म आणि शेवटी रफार असा साठवतो. युनिकोडमध्ये क, मग र, मग हलन्त, मग म. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक रफार उचलून योग्य अक्षराच्या आधी नेऊन ठेवावा लागतो. मागे काना-मात्रा-जोडाक्षर असेल तर किती मागे जायचे, हे त्याला अचूक कळावे लागते. तिथे चूक होते.

त्यात मराठीची स्वतःची एक खोड आहे. आचार्यांना बोलावले, की आचाऱ्यांना बोलावले? एका बाजूला विद्वान, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकी. फरक तेवढ्या एका खुणेचा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. जुन्या फाँटचा तक्ता नीट माहीत नसेल तर हा फरक रूपांतरात पुसला जातो. लेखात अशी चूक हसण्यावारी जाईल. जमिनीच्या यादीत, मतदारयादीत, सभासदांच्या रजिस्टरात आडनाव बदलले, तर माणूस दहा वर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने इस्कीचाच आराखडा पुढे नेला आणि जगातल्या सगळ्या लिप्यांना एका करारात आणले. विंडोज २००० पासून तो आपल्या टेबलावर आला. म्हणजे करार १९९१ मध्ये झाला, वापर सुरू व्हायला दहा वर्षे लागली, आणि कचेऱ्यांत रुजायला आणखी किती तरी. २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. युनिकोड हा करार उघड असल्याने त्यात सुधारणा मागता येते. 'ॲप', 'ॲड' यांतला 'ॲ' हा स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ मध्ये त्यात आला. आणि २०१४ मध्ये मोडी लिपीही आली. ज्या लिपीत आपल्या गावांची दप्तरे लिहिली गेली, तिला आज संगणकात स्वतःचे क्रमांक आहेत.

आतले कुलूप आणि बाहेरचे कुलूप

आतापर्यंत अक्षरांविषयी बोललो. हे आतले कुलूप. बाहेर आणखी एक कुलूप असते, ते फाइलचे. मजकूर, शीर्षके, तक्ते, समास हे सगळे एका फाइलमध्ये कसे रचायचे, हाही करारच आहे.

वर्डची जुनी 'डॉक' फाइल वर्षानुवर्षे सगळ्या कचेऱ्यांत फिरली. तिची रचना मायक्रोसॉफ्टची, आणि पूर्ण तपशील सर्वांसाठी फेब्रुवारी २००८ मध्ये खुला झाला. तोवर इतरांनी ती फाइल चाचपून, अंदाज बांधून उघडायला शिकून घेतले होते. म्हणून कधी तक्ता सरके, कधी क्रमांक उडत.

याला उत्तर म्हणून ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, पुढे आले. २००५ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेने आणि २००६ मध्ये आयएसओने ते मान्य केले. तपशील सुमारे ७०० पानांचा. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे ओपन एक्सएमएल, म्हणजे आजचे 'डॉक्स', मानक व्हावे म्हणून पुढे केले. त्याचा तपशील सुमारे ६००० पानांचा. इथे भारताची एक नोंद आहे जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. २००७ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएसओत या प्रस्तावाविरुद्ध मत दिले, २००८ मध्येही ते बदलले नाही. प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि भारत या चार देशांनी अपील केले. अपील फेटाळले गेले, आणि ते मानक २००८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. विरोधकांचे म्हणणे होते की एकाच कामाची दोन मानके झाली तर मानकाचा हेतूच विरतो, आणि इतका अवाढव्य तपशील दुसऱ्या कोणाला पूर्ण अमलात आणता येणार नाही. समर्थक म्हणत, जगात पडून असलेल्या कोट्यवधी जुन्या फाइली नीट सांभाळायच्या तर एवढा तपशील लागणारच. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

२०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. मानक सर्वांना उपलब्ध असावे, त्यावर स्वामित्वशुल्क नसावे, असा त्याचा गाभा. ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये संपादन करायच्या दस्तऐवजांसाठी ओडीएफ ठरवले. लक्षात घ्या, खुले मानक म्हणजे फुकट सॉफ्टवेअर नव्हे. पैसे देऊन घेतलेल्या वर्डमध्येही ओडीएफ साठवता येते, आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये डॉक्स उघडते. प्रश्न सॉफ्टवेअर कोणाचे, हा नसून किल्ली कोणाकडे, हा आहे.

घरी एक प्रयोग करा. ओडीटी किंवा डॉक्स फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटचे अक्षरगट बदलून झिप करा आणि उघडा. आत साध्या मजकुराच्या फाइली दिसतील, त्यात तुमची वाक्ये शोधता येतील. जुन्या डॉक फाइलवर हा प्रयोग चालत नाही.

आता दोन्ही कुलपे एकत्र पाहा. समजा, जुन्या फाँटमधला आदेश पीडीएफ करून ठेवला. पीडीएफ २००८ पासून आयएसओ मानक आहे, बाहेरचे कुलूप उघडे. पडद्यावर आदेश सुबक दिसतो. पण त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की पुन्हा खिचडी, कारण आतले कुलूप तसेच आहे. तुम्ही अशा शासकीय पीडीएफ पाहिल्या असतील. अनेकांना वाटते, पीडीएफ आहे म्हणजे जतन झाले. चित्र जतन झाले, मजकूर नाही.

याचे आपल्याला काय?

दोन उदाहरणे देतो, दोन्ही इथलीच.

पहिले, जिल्ह्याचे नाव. २०२३ पूर्वीच्या कागदांत उस्मानाबाद, नंतरच्या कागदांत धाराशिव. पुढची पन्नास वर्षे कोणालाही शोध घ्यायचा तर दोन्ही नावांनी घ्यावा लागेल. युनिकोडमधल्या फाइलींत हे दोन शब्द टाकले की काम झाले. जुन्या फाँटमधल्या हजार फाइलींत 'उस्मानाबाद' शोधा, एकही सापडणार नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे तो शब्दच नाही. कागदी गठ्ठा निदान पान उलटून चाळता येतो.

दुसरे, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीबरोबर आपले सास्तूर आणि आसपासची गावे त्या पहाटे कोसळली. लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पुनर्वसन म्हणजे याद्यांचे काम: मृतांच्या, वारसांच्या, भूखंडांच्या, घरांच्या. आणि हे सगळे नेमके त्या वर्षांत झाले, जेव्हा जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत संगणक येत होता, पण मराठीचा एक करार टेबलापर्यंत पोचला नव्हता. तेव्हा याद्या कागदावर छापल्या गेल्या म्हणून बरे. आज नातवंडांच्या पिढीत घराची वाटणी निघते तेव्हा कामाला येतो तो कागदच. त्या काळातली मूळ फाइल एखाद्या संस्थेत फ्लॉपीवर राहिली असेल, तर ती उघडायला फ्लॉपीचे यंत्र हवे, ते पॅकेज हवे आणि तो फाँटही हवा. तिन्ही एकत्र मिळणे अवघड.

इथे कोणी विचारेल, आणि मघाशी एका श्रोत्याने विचारलेच, की मोडीची किल्ली खुली होती, तरी २०२३ मध्ये वाचणारे शोधावेच लागले ना? बरोबर आहे. खुले मानक पुरेसे नाही, ते जाणणारी माणसे तयार करावी लागतात. पण फरक एवढा की मोडी वाचणारा नसेल तर तो घडवता येतो. बंद झालेल्या कंपनीचा तक्ता कोणाकडेच नसेल, तर एकेक अक्षर ताडून तो नव्याने रचत बसावा लागतो.

दुसरा प्रश्न नेहमीचा, सगळेच वर्ड वापरतात, मग अडते कुठे? एके काळी सगळा दरबार फारसी वापरत होता. आज सगळे वापरतात म्हणून उद्या वापरतील, असे आपल्या जिल्ह्याचा इतिहास तरी सांगत नाही.

शेवटी करायच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा, वाचनालय, जिथे तुमचे बसणे-उठणे असेल तिथे हे सांगा. एक, २०१० च्या आधीच्या मराठी फाइली कुठे आहेत त्याची यादी करा, आणि प्रत्येकीपुढे पॅकेजचे व फाँटचे नाव लिहा. ज्याने टाइप केले तो माणूस अजून भेटतो आहे तोवर त्याला विचारून घ्या. दोन, युनिकोडमध्ये रूपांतर करा, पण मूळ फाइल पुसू नका, फाँटची फाइलही जवळ ठेवा. तीन, रूपांतर झाल्यावर नावे, गट क्रमांक आणि रकमा दोन माणसांनी ताडून पाहा, एकाने वाचायचे, दुसऱ्याने जुन्या छापील प्रतीवर बोट ठेवायचे. चार, नवे दस्तऐवज युनिकोडमध्ये, ओडीएफमध्ये साठवा, त्याची जतनासाठीची पीडीएफ करा, आणि महत्त्वाच्या कागदाची एक छापील प्रत फायलीत लावा.

यातले पहिले काम सर्वांत निकडीचे आहे. मोडीतल्या कागदाला आणखी पन्नास वर्षे थांबता येईल, फ्लॉपीला थांबता येणार नाही. तुमच्या संस्थेत अशी फाइल असेल तर पुढच्या व्याख्यानाला येताना फाँटचे नाव लिहून आणा, एकत्र बसून पाहू.